सायंकाळी हात जोडणारे रोप

काशीची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि मालव्याची रात्र अशी त्रयी जुनी माणसे कौतुकाने सांगत आली आहेत. इंदूर-उज्जैन मार्गावरील सांवेरसारख्या गावी दिवसभर तापलेली काळी जमीन निवू लागली, की या रात्रीची चाहूल लागते. त्याच सुमारास झाडांतही एक पालट घडून येतो. परंतु तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चिंचेच्या बारीक पर्णिका जोडीजोडीने एकमेकींवर मिटतात. शिरीष आणि परसातला टाकळाही आपली पाने आवरून घेतात. ‘झाडे झोपली, आता त्यांना हात लावू नये,’ असे वडीलधारी मंडळी मुलांना सांगतात, ते उगीच नव्हे.

अलीकडे रोपवाटिकांतून घरोघरी येऊ लागलेले एक रोप हाच प्रकार दिवाणखान्यात करून दाखविते. त्याला ‘प्रेअर प्लांट’, म्हणजे प्रार्थनेचे रोप, असे म्हणतात. दिवसा त्याची लंबगोल पाने आडवी पसरलेली असतात. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस गडद डागांची रांग असते. ओल्या मातीवरून ससा उड्या मारीत गेला असावा, तसे ते डाग दिसतात. दुसऱ्या एका प्रकारात शिरा तांबड्या असतात. दिवेलागण झाली, की ही पाने हळूहळू वर उचलली जातात आणि जोडलेल्या हातांप्रमाणे उभी राहतात. सकाळी ती पुन्हा आडवी होतात.

या रोपाचे शास्त्रीय नाव मारांटा ल्यूकोन्यूरा असे आहे. सोळाव्या शतकातील बार्तोलोमेओ मारांटा या इटालियन वैद्याच्या स्मरणार्थ हे नाव रूढ झाले. रोपाचा मायदेश ब्राझील. परंतु त्याचे नातलग आपल्याला अनोळखी नाहीत. आजारी माणसास पथ्य म्हणून ज्याची लापशी देतात, ते आरारूट मारांटाच्याच दुसऱ्या एका जातीपासून निघते. बंगाल आणि सिल्हेटकडील प्रसिद्ध शीतलपाटी ज्या झाडाच्या पट्ट्यांनी विणतात, तेही याच कुळातील आहे.

पान हलते कसे? प्राण्यांप्रमाणे वनस्पतींना स्नायू नसतात. त्यांचे काम पाणी करते. मारांटाच्या देठाचा व पानाचा सांधा पाहिला, तर तेथे किंचित फुगीर असा भाग आढळतो. त्यास पुलवृंत म्हणतात. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पोटॅशियमसारखे क्षार शिरले, की त्यांच्यामागोमाग पाणी शिरते आणि त्या पेशी फुगून ताठ होतात. त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या पेशी पाणी गमावून सैल पडतात. एक बाजू फुगली आणि दुसरी सैलावली, की पान कलते. सकाळी हाच व्यवहार उलट होतो. भरलेली पखाल ताठ उभी राहते आणि रिकामी झाली की लुळी पडते, तसाच हा प्रकार आहे.

परंतु संध्याकाळ झाली हे रोपाला कळते कसे? अलेक्झांडरच्या आरमारातील अँड्रोस्थेनीस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात बाहरीन बेटावरील एका झाडाची पाने रात्री मिटतात, अशी नोंद केली होती. ते झाड चिंचेचे असावे, असे विद्वान मानतात. प्रकाश गेला म्हणून पाने मिटतात, अशीच समजूत पुढे शतकानुशतके राहिली. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य न दिसताही त्याची पाने दिवसा उघडत राहिली. पुढे १८३२ साली द कांदोल याला असे आढळले, की सतत एकसारख्या प्रकाशात ठेवलेल्या रोपाचा ‘दिवस’ चोवीस तासांचा नसून बावीस-तेवीस तासांचा होतो. यावरून उलगडा होत गेला, की वनस्पतीच्या अंगातच एक घड्याळ आहे आणि रोजचा सूर्यप्रकाश त्याचे काटे जुळवून देतो. असेच घड्याळ माशीत आणि माणसातही आहे. ते पेशीत कसे चालते याच्या शोधाबद्दल २०१७ साली तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशातही एका झाडाने प्रार्थनेचा लौकिक मिळविला होता. बंगालमधील फरीदपूर येथे खजुरीचे एक कललेले झाड होते. देवळातील सायंकाळच्या घंटेच्या वेळी ते लवते आणि सकाळी पुन्हा डोके वर करते, असे लोकांनी पाहिले. साहजिकच तेथे भाविकांची रीघ लागली. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी लोकांची हेटाळणी केली नाही. त्यांनी झाडाला सूक्ष्म हालचाल टिपणारे यंत्र जोडले. तेव्हा असे दिसले, की झाड दिवसरात्र सावकाश हलतच असते. उष्णता वाढली की ते खाली येते आणि गारवा आला की वर उचलले जाते. घंटेचा त्याच्याशी संबंध नव्हता. मात्र लोकांनी पाहिलेली हालचाल खरी होती. चुकले होते ते केवळ तिचे कारण.

हा भेद मारांटाच्या बाबतीतही ध्यानात ठेवावा. फरीदपूरची खजुरी उष्णतेच्या तालावर हलत होती. मारांटा आपल्या आतल्या घड्याळाच्या आणि प्रकाशाच्या तालावर हलते. बाहेरून दोघांचे वर्तन सारखे भासले, तरी कारणे निराळी. रात्री पाने मिटल्याने वनस्पतीचा नेमका लाभ कोणता, यावर अजूनही एकमत नाही. थंडीपासून पानांचे रक्षण होते, असे चार्ल्स डार्विन यांनी १८८० सालच्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले होते.

ही सारी हालचाल पाण्याच्या बळावर चालते, हे एकदा कळले म्हणजे निगा राखणे सोपे होते. ब्राझीलच्या दमट अरण्यात, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे हे रोप. मालव्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि कोरडा वारा सुटतो. हौसेने आणलेली कित्येक रोपे जेठ संपण्यापूर्वीच दगावतात, ती यामुळे. रोपास पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळचा सौम्य प्रकाश द्यावा. थेट उन्हाने पानांचा रंग उडतो व ती करपतात. कुंडीखाली खडे पसरलेली थाळी ठेवून तीत थोडे पाणी घालावे. कुंडीचे बूड मात्र पाण्यात बुडू नये. चार रोपे एकत्र ठेवल्यानेही हवेत ओलावा राहतो. कूलरच्या झोतात रोप कधीही ठेवू नये. हिवाळ्यात त्यास रात्री खिडकीपासून दूर घ्यावे, कारण पंधरा अंशांखालची थंडी त्यास सोसत नाही.

शेतातील काळी माती कापसास उत्तम, कुंडीस नव्हे. ती ओली असता चिकटून बसते व वाळली की भेगाळते. मुळांना हवा मिळत नाही. पानांचे कुजलेले खत, नारळाचा भुसा आणि जाड वाळू यांचे मिश्रण करावे. मुळे वरवरची असल्याने कुंडी उथळ व रुंद घ्यावी. मातीत बोट खुपसून वरचा थर सुकलेला वाटला, तरच पाणी द्यावे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी सतत घातल्यास क्षार साचून पानांच्या कडा तपकिरी होतात; म्हणून पावसाचे पाणी साठवून ठेवणे हिताचे. पातळ केलेले खत पावसाळ्यात द्यावे, थंडीत बंद करावे. नवे रोप करावयाचे असल्यास पावसाळ्यात पेराखाली छाट घेऊन लावावी. कोरड्या हवेत लाल कोळी लागतो. ओल्या फडक्याने पाने पुसल्यास तो आवरता येतो. हे रोप विषारी नसल्याने घरातील मांजरा-कुत्र्यांची धास्ती नको.

सर्वांत चांगला मार्गदर्शक म्हणजे रोपाची सायंकाळ. पाने रात्री उभी राहून सकाळी पसरत असतील, तर सांध्यातील पाण्याचा व्यवहार सुरळीत आहे असे समजावे. भर दिवसा पान सुरळीसारखे वळले, तर ती निद्रा नव्हे, तहान होय. माती ओली असूनही पाने लुळी पडली, तर मुळे कुजत असल्याचा संशय घ्यावा. हालचाल मंदावली, तर प्रथम जागा व प्रकाश तपासावा. दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असेल, तर रोपाचे घड्याळही चुकते, हे विसरू नये.

रोप प्रार्थना करीत नाही, हे कळल्याने त्याची शोभा उणावत नाही. एका लहानशा सांध्यात पाणी, क्षार आणि काळ यांचा असा मेळ बसावा, हे आश्चर्य थोडके नाही. ज्यांच्या घरी मारांटा नाही, त्यांनी अंगणातील चिंचेकडे संध्याकाळी घटकाभर पाहावे. तेच कोडे तेथे फार पूर्वीपासून उलगडून ठेवलेले आहे.