घटस्फोट, मुलाचा ताबा आणि जिल्ह्यातला वकील: गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत. उमरखेडहून किंवा वणीहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं म्हणजे एका बाजूचा शंभराहून जास्त किलोमीटरचा प्रवास. एका पेशीपायी दिवसाची मजुरी बुडते, आणि बरेचदा पुढची तारीख घेऊन परतावं लागतं. त्यामुळे जवळचा वकील धरणं शहाणपणाचंच. पण वकिलाकडे पोचण्याआधीच पाहुणेमंडळी, गावातले जाणते आणि तहसीलसमोरचा अर्जनवीस यांच्या सल्ल्याने निम्मं नुकसान झालेलं असतं. अशा सल्ल्यांतून पसरलेले आठ गैरसमज इथे तपासू.

गैरसमज 1: स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून नोटरी केली की घटस्फोट झाला.

वस्तुस्थिती: नोटरी फक्त सही कोणाची ते सांगतो, लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे, आणि त्याखाली घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कलम 29(2) ती मान्य करतं. मात्र तशी रूढी खरंच आहे आणि ती पाळली गेली, हे सांगणाऱ्यालाच पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. नुसत्या फारकतनाम्यावर दुसरं लग्न लावलं तर ते लग्न बाद ठरू शकतं, द्विभार्या-गुन्ह्याचा खटला होऊ शकतो, आणि त्या नव्या नवरीचं भवितव्य अधांतरी राहतं. जातपंचायतीने निवाडा देऊन न ऐकणाऱ्या घराला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

गैरसमज 2: कायदा सगळ्यांना एकच.

वस्तुस्थिती: आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. गोंड, कोलाम, आंध, परधान या अनुसूचित जमाती इथे मोठ्या संख्येने आहेत. हिंदू विवाह कायद्याचं कलम 2(2) सांगतं की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये एका आदिवासी जोडप्याच्या प्रकरणात हेच तत्त्व लावलं. म्हणून कोलाम पोडावरच्या बाईसाठी डोळे झाकून हिंदू विवाह अर्ज टाकला, तर समोरचा वकील पहिल्याच आक्षेपात तो अडकवू शकतो. तिथे जमातीची रूढी पुराव्याने मांडावी लागते. पोटगी, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण आणि मुलाचं पालकत्व यांचे कायदे मात्र तिलाही पूर्ण खुले आहेत.

बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर हिंदू विवाह कायदा चालतो. मुस्लिम पत्नीला 1939 च्या कायद्याने न्यायालयातून विवाहविच्छेद मागता येतो, आणि विशेष विवाह कायद्याने नोंदलेल्या लग्नाला तोच कायदा लागतो. तेव्हा आपल्या बाबतीत कोणता कायदा लागतो, हे पहिल्याच भेटीत विचारा.

गैरसमज 3: लग्न जिथे लागलं तिथेच केस टाकावी लागते.

वस्तुस्थिती: समजा, लग्न पुसदला झालं, संसार पुण्यात केला, आणि आता बाई मुलासह वणी तालुक्यात माहेरी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लग्नाचं ठिकाण, दोघं शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण किंवा समोरचा राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठेही अर्ज चालतो. शिवाय 2003 च्या दुरुस्तीपासून पत्नी स्वतः राहते तिथेही अर्ज करू शकते. पोटगीचा अर्जही ती राहत्या ठिकाणी करू शकते. त्यासाठीच्या पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 125 कलमाची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली आहे.

मुलाच्या ताब्याचा स्वतंत्र अर्ज मात्र 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार, मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या न्यायालयात जातो. आठ-पंधरा दिवसांसाठी मूल उचलून दुसऱ्या गावी नेल्याने ते ठिकाण बदलत नाही. शाळेचा बोनाफाईड, अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड हे कागद इथे बोलतात.

गैरसमज 4: स्थानिक वकिलाची साहेबांशी ओळख असते, म्हणून तोच हवा.

वस्तुस्थिती: स्थानिक वकील हवा, पण या कारणासाठी नव्हे. तो रोज त्या कोर्टात उभा असतो. समन्स का परत आलं, बेलीफ कुठे अडला, नकलेचा अर्ज कधी टाकायचा हे त्याला ठाऊक असतं. पक्षकाराला प्रत्येक पेशीला यायची खरंच गरज आहे की नाही, हेही तो सांगतो. कायद्याने देशातला कोणताही नोंदणीकृत वकील कुठल्याही न्यायालयात उभा राहू शकतो. पण नागपूर-मुंबईहून येणाऱ्याचा प्रवासखर्च पक्षकाराच्याच खिशातून जातो. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, तर त्या कामाला तिथला वकील जोडता येतो.

निकालाची हमी देणारा किंवा ‘आतून काम करून देतो’ म्हणणारा वकील टाळा. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करायलाही मनाई आहे. म्हणून ‘जिल्ह्यात नंबर एक’ असा फलक ही गुणवत्तेची खूण मानू नका.

गैरसमज 5: एकदा वकीलपत्र दिलं की सुटका नाही.

वस्तुस्थिती: वकील बदलणं हा पक्षकाराचा हक्क आहे. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं. फीची वसुली हा वेगळा विषय. मिळणाऱ्या पोटगीच्या रकमेत वकिलाचा टक्का ठरवणंही नियमाविरुद्ध आहे.

गैरवर्तणुकीची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2024 च्या निकालाने बंद झाला आहे. म्हणून फी किती, कोणत्या टप्प्याला किती, टंकलेखन-नकला वेगळ्या की त्यातच, हे सुरुवातीलाच लिहून घ्या आणि दिलेल्या पैशाची पावती मागा. प्रत्येक प्रकरणाला 16 अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात, त्यासाठी वकिलाच्या मुंशीला दहा फोन करावे लागत नाहीत.

गैरसमज 6: पैसे नाहीत, म्हणून वकील नाही.

वस्तुस्थिती: विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका कोर्टातली तालुका समिती इथे अर्ज करता येतो, आणि 15100 या क्रमांकावर चौकशी होते. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली, स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसलेला जोडीदार खटला चालू असतानाची पोटगी आणि कोर्टखर्च दुसऱ्याकडून मागू शकतो.

‘माझी कोरडवाहू शेती, पगार नाही, मी काय देणार?’ हे उत्तर आता पुरत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र सक्तीचं केलं, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुनाच दिला. जमीन किती, ओलिताची किती, पीक कोणतं, जनावरं किती, कर्ज किती, हे सगळं त्यात लिहावं लागतं. कपाशी बुडाली असेल तर तेही तिथेच, कागदांसह सांगता येतं.

गैरसमज 7: पाच वर्षांपर्यंत मूल आईचं, नंतर बापाचं.

वस्तुस्थिती: 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. पण पाचवा वाढदिवस झाला की ते आपोआप बापाकडे जात नाही. प्रत्येक टप्प्यावर कसोटी एकच: मुलाचं हित. आईला कमाई नाही एवढ्यावरून ताबा नाकारला जात नाही. मुलाच्या खर्चासाठी बापाची पोटगी असतेच. समजत्या वयाच्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेतात, पण ती एकटी निर्णायक नसते.

ताब्याचा आदेश कायमचाही नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. ‘मूल भेटू देत नाही, म्हणून पोटगी बंद’ आणि ‘पोटगी देत नाही, म्हणून भेट बंद’ ही दोन्ही हत्यारं उलटतात. भेटीचे दिवस, वेळ, ठिकाण, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कोणाकडे, हे आदेशात नेमकं लिहून घेणारा वकील पुढची कितीतरी भांडणं वाचवतो.

गैरसमज 8: दोघं राजी असले की एका पेशीत काम, आणि दोघांना एकच वकील पुरतो.

वस्तुस्थिती: संमतीच्या अर्जासाठी आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. 2017 च्या अमरदीप सिंग निकालानुसार ही मुदत काही अटींवर माफ होऊ शकते. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या. ‘संसार पार मोडलाय’ एवढ्याच कारणावर थेट घटस्फोट देण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, खालच्या कोर्टाला नाही. एकच वकील दोघांचे कागद करतो तेव्हा रक्कम, दागिने किंवा ताबा यांवर मतभेद झाला, तर तो नेमका कोणाची बाजू घेणार? निदान सही करण्याआधी तडजोडीचा मसुदा दुसऱ्या वकिलाला दाखवा.

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना लग्नपत्रिका किंवा नोंदणी दाखला, आधार, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे कागद, सातबारा किंवा पगारपत्रक आणि आधी कुठे काही सही केली असल्यास त्याची प्रत सोबत घ्या. आणि तिथे चार प्रश्न विचारा: मला कोणता कायदा लागतो, अर्ज कोणत्या कोर्टात टाकणार, मुलासाठी आजच काय मागणार, आणि खर्च किती? जो वकील चारही प्रश्नांची उत्तरं सरळ देतो आणि मसुदा सहीआधी वाचून दाखवतो, त्याला वकीलपत्र द्या.