पोलादाच्या गावाची माणसे

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील शेफील्ड हे शहर चाकू-सुऱ्या आणि पोलाद ह्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. घड्याळे करणाऱ्या बेंजामिन हंट्समनने १७४०च्या सुमारास तेथे मुशीत पोलाद वितळविण्याची रीत सिद्ध केली, आणि १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद तयार केले. ही नावे इतिहासात राहिली. परंतु ज्या हजारोंनी शाणावर पाती घासली, छिन्नीने कानशींना दाते पाडले, त्यांची नावनिशी कोठे मिळावयाची? हा प्रश्न त्या शहरातील साध्या कुटुंबांनीच विचारावयास आरंभ केला, आणि त्यातून घराघरांतील आठवणी गोळा करण्याचे एक मोठे कार्य उभे राहिले.

ह्या शोधाला कागदपत्रांचा आधार चांगला आहे. इंग्लंडात चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंद १५३८पासून, तर जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८३७पासून होऊ लागली. शेफील्डमध्ये ह्यांखेरीज आणखी एक दप्तर आहे. सुरीकारांच्या कंपनीला पार्लमेंटच्या कायद्याने १६२४ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या नोंदींत कोणता मुलगा कोणत्या उस्तादाकडे उमेदवारीस राहिला, हे लिहिलेले असे. प्रत्येक कारागिराच्या पात्यावरील खूणही ती नोंदवी. त्यामुळे घरात राहिलेल्या एखाद्या जुन्या सुरीवरील चिन्हावरून पणजोबांच्या कारखान्यापर्यंत पोहोचणे अशक्य नसते.

शिरगणती तर दर दहा वर्षांनी होते. १८५१पासून तीत माणसाच्या जन्मगावाची नेमकी नोंद आहे. त्या वर्षी सुमारे एक लाख पस्तीस हजारांची असलेली वस्ती १९०१पर्यंत चार लाखांवर गेली. शेजारच्या परगण्यांतून आणि आयर्लंडमधून पोटासाठी आलेली माणसे त्या रकान्यात भेटतात. मात्र १९३१च्या शिरगणतीचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे शिरगणतीच झाली नाही. ज्या काळाचे कागद नाहीत, त्या काळासाठी वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या हकिकतीचे मोल सहजच वाढते.

कधी कधी संकटही इतिहासाचे साधन होऊन बसते. ११ मार्च १८६४च्या रात्री शहराच्या वरच्या अंगाला डेल डाइक येथे बांधलेले नवे धरण प्रथमच भरत असता फुटले. लॉक्सलीच्या खोऱ्यातून पाण्याचा लोंढा झोपलेल्या वस्तीवर आला आणि सुमारे अडीचशे माणसे प्राणांस मुकली. पुढे नुकसानभरपाईसाठी जवळजवळ सात हजार दावे दाखल झाले. कोणाचे कपडे गेले, कोणाची हत्यारे, कोणाची मजुरी बुडाली, कोणाचे मूल दगावले, हे सारे त्यांत नमूद आहे. एरवी ज्यांच्या घरातील खुर्ची-पलंगाची दखल कोणी घेतली नसती, त्यांच्या संसाराची यादी केवळ ह्या आपत्तीमुळे आज वाचावयास मिळते.

तथापि कागद सर्व काही सांगत नाही. शिरगणतीत 'काटे घासणारा' एवढाच धंदा लिहिलेला असतो. कोरड्या शाणावर काटे घासताना उडणारी दगडाची व धातूची धूळ फुप्फुसांत जाई, आणि असे कारागीर पुष्कळदा ऐन तारुण्यातच मरत, हे त्या दोन शब्दांत कळत नाही. सुऱ्या-चमच्यांना जिल्हई देणाऱ्या मुली अंगाभोवती तपकिरी कागद गुंडाळून व डोक्याला फडके बांधून कामास बसत. हा तपशील मुख्यतः त्यांच्या आठवणींतून आणि छायाचित्रांतून पुढे आला. घरी राबून मोबदला मिळविणाऱ्या स्त्रियांच्या नावापुढे तर धंद्याचा रकाना पुष्कळदा कोराच असे.

स्त्रियांच्या बाबतीत आठवणीने काय साधले, ह्याचे ठळक उदाहरण ह्याच शहरात घडले. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेल्यावर भट्ट्या, याऱ्या आणि यंत्रे स्त्रियांनी चालविली. युद्ध संपताच त्यांना घरी पाठविण्यात आले आणि आभाराचा शब्दही बहुतेकींच्या वाट्यास आला नाही. २००९ मध्ये त्यांपैकी एका वृद्धेने स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीला दूरध्वनी करून आपली हकिकत सांगितली. तिच्यासारख्याच इतर जणी पुढे आल्या, वर्गणी जमली, आणि जून २०१६ मध्ये नगरसभागृहासमोर कामाच्या पोशाखातील दोन स्त्रियांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. सत्तर वर्षे उशिरा का होईना, त्यांपैकी कित्येकींना तो आपल्या डोळ्यांनी पाहता आला. त्या आणखी दहा वर्षे गप्प राहत्या, तर मग बोलावयास त्यांतल्या फार थोड्या उरल्या असत्या.

जागाही नाहीशा होतात. १९८०च्या दशकात पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले. हॅडफील्डच्या प्रसिद्ध कारखान्याच्या जागेवर १९९० मध्ये मेडोहॉल हा विशाल बाजार उघडला. हत्यारांचे व्यापारी केन हॉली (१९२७–२०१४) ह्यांनी ही ओहोटी ओळखून आयुष्यभर हत्यारे, किंमतपत्रके आणि कारागिरांची माहिती जमविली. केलम आयलंड येथील संग्रहालयात तो संग्रह आज आहे. हत्यार हाती असले, तरी ते कसे धरावयाचे हे सांगणारा माणूस गेला की ते मुके होते, हे त्यांनी जाणले होते.

आठवण सांगणाऱ्याच्या मनात काळाची सरमिसळ होते, हेही खरे. डिसेंबर १९४० मध्ये १२ आणि १५ तारखेच्या रात्री शेफील्डवर बाँबवर्षाव झाला आणि साडेसहाशेहून अधिक माणसे मेली. पहिल्या रात्री मुख्यतः शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला, तर दुसऱ्या रात्री पूर्वेकडील कारखान्यांच्या बाजूस मारा झाला. कित्येकांच्या स्मरणात ह्या दोन रात्री एक होऊन गेल्या असल्यास नवल नाही. म्हणून आठवण ऐकताना वर्तमानपत्रे आणि मृत्यूच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. कागदाने तारीख दुरुस्त होते, पण तळघरातला काळोख आणि शेजारणीचा आवाज आठवणीतच राहतो. दोन्ही साधने एकमेकांस पूरक आहेत.

ह्या कामाला मोठी विद्वत्ता लागत नाही. जुन्या छायाचित्रामागे माणसांची नावे लिहून ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांना केवळ सनावळी न विचारता ती माणसे किती वाजता उठत, मजुरी कोणाच्या हाती देत, काय खात, हे विचारावे. त्यांच्याच शब्दांत ते उतरून घ्यावे आणि तारीख घालावी. शेफील्डच्या सुरीवर तिच्या कर्त्याची खूण असते. ती सुरी घासणाऱ्या हातांची खूण मात्र कोणी सांगितली आणि कोणी ऐकली, तरच टिकते.