फोटोखालची ओळ

सहलीत फोटो सगळेच काढतात. त्याखाली लिहायचं काय, हा प्रश्न आला की मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागतात आणि आमच्या घरात ते काम शेवटी माझ्याकडे येतं. मला ते मनापासून आवडतं. ‘मस्त मजा’, ‘फॅमिली टाइम’ आणि पुढे चारपाच बदामांची चिन्हं, एवढ्यावर फोटो टाकून मोकळं होता येतं, नाही असं नाही. पण मालवणच्या फोटोखालची ती ओळ उचलून महाबळेश्वरच्या फोटोखाली ठेवली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. मला अशी ओळ हवी असते, जी दुसरीकडे ठेवताच येणार नाही.

तिची तयारी सहल संपायच्या आत करावी लागते. मालवणला आम्ही उतरलो होतो त्या घराच्या पडवीत रात्री जेवणं झाली की फोन चार्जिंगला लागायचे आणि मी सगळ्यांकडून फोटो गोळा करायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, त्यातला बारकावा हरवतो आणि तो कधी, कुठे काढला ही माहितीही पुसली जाते. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगते किंवा सगळ्यांचा मिळून एक गूगल फोटोजचा अल्बम करते. वेळ कळली की क्रम लागतो. धक्क्यावरचा फोटो आधीचा की परत आल्यावरचा, यावर तासभर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

मग निवड. एका प्रसंगाचे वीस फोटो असले तरी लिहायला एकच घ्यायचा. तो सर्वांत देखणा असतोच असं नाही. ज्यात कुणीतरी काहीतरी करत असतं, तो मी उचलते. ओळीने उभं राहून हसणारी माणसं घरच्यांना हवी असतात, त्यांच्याखाली नावं आणि गाव पुरतं. पण कुणी वाकलंय, कुणी मागे वळून हाक मारतंय, कुणाची चप्पल वाळूत अडकलीय, अशा फोटोला विचारण्यासारखं असतं. आणि मी विचारते. फोटो कुणी काढला? तू त्या वेळी काय बोलत होतास? या चौकटीच्या बाहेर कोण उभं होतं? त्याच्या आधी काय झालं? उत्तरं येतील तशी, त्याच शब्दांत लिहून घेते. ही विचारपूस त्याच रात्री झाली पाहिजे. पुण्याला परत येऊन आठवड्याने विचारलं तर ‘मजा आली होती’ एवढंच हाती लागतं.

एक फोटो घेऊन सांगते. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होड्या जातात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा ही वाहतूक बंद असते. आम्ही हिवाळ्यात गेलो होतो. धक्क्यावरून होडीत उतरताना मधे पाणी असतं आणि होडी सतत वरखाली होत असते. भावजींनी नेमका तिथला फोटो घेतला होता. आत्याचा एक पाय धक्क्यावर, एक हवेत, पदर खोचलेला आणि हात होडीवरच्या पोराच्या हातात.

पहिली ओळ मी लिहिली, ‘सिंधुदुर्गाकडे निघताना आत्या.’ खरी आहे, पण डोळ्यांना जे दिसतंच आहे तेच ती पुन्हा सांगते. मग लिहिलं, ‘या वयातही केवढा उत्साह!’ ही ओळ कुठल्याही आजीला लावता येते आणि त्यात कौतुकापेक्षा वयच जास्त ऐकू येतं. मग किल्ल्याची माहिती घालून पाहिली. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांच्या हस्ते बांधकामाचा मुहूर्त झाला, कुरटे बेटावर हा जलदुर्ग उभा राहिला, हे सगळं लिहीपर्यंत आत्या कुठल्या कुठे गेली. त्या फोटोत किल्ला होता तो नुसता मागे, पाण्यापलीकडे. म्हणून फोन घेऊन आत्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, ‘‘आत्या, तेव्हा तुला काय वाटत होतं गं?’’

‘‘मी होडीकडे बघतच नव्हते,’’ ती म्हणाली. ‘‘त्या पोराच्या हाताकडे बघत होते. तो म्हणाला ना, होडी हलता, पण बुडणा नाय. मग धरला हात.’’

ओळ तिथेच होती. शेवटी फोटोखाली गेलं ते असं: ‘‘‘होडी हलता, पण बुडणा नाय,’ तो म्हणाला. आत्याने त्याचा हात धरला, तो किल्ल्याच्या दरवाजापर्यंत सोडला नाही.’’

यात मी केलं ते फार थोडं. पोराचं बोलणं आधी घेतलं, कारण फोनवर पहिल्या एकदोन ओळीच दिसतात आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. इन्स्टाग्रामवर 2200 अक्षरांपर्यंत लिहायची सोय आहे, पण ज्या ओळीवर बोट थांबतं ती पहिलीच. ‘हलता’चं ‘हलते’ केलं नाही. मालवणी माणूस मालवणीतच बोलला पाहिजे, नाहीतर ती होडी मालवणची राहत नाही. आणि फोटोच्या पुढचा अर्धा तास एका वाक्यात आणला. फोटोला पुढचं मागचं दिसत नाही, ते सांगण्यासाठीच ओळ असते.

किल्ल्याची माहिती लिहूच नये असं माझं म्हणणं नाही. ती त्या फोटोला चिकटलेली हवी. किल्ल्यात तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी, ही गोष्ट माझ्या भाचीला पटतच नव्हती. ती कठड्यावरून वाकून आत बघतेय असा एक फोटो आहे. तिने ताईला विचारलं होतं, ‘‘साखरबावीतलं पाणी सरबतासारखं लागतं का?’’ तो प्रश्न जसाच्या तसा लिहिला आणि खाली विहिरींची तिन्ही नावं दिली. माहिती तीच, पण आता ती एका मुलीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आली. तटबंदीच्या फोटोखाली तटाची लांबी लिहिण्याऐवजी तट चालून आल्यावर भावजी सावलीत कसे बसकण मारून बसले ते लिहिलं. तट केवढा आहे ते वाचणाऱ्याला त्यातून बरोबर कळतं.

माहिती लिहायची तर ती तपासूनही घ्यावी. गाईडने सांगितलेलं, फलकावर वाचलेलं आणि काकांच्या आठवणीतलं, या तिन्ही गोष्टी एकसारख्या असतातच असं नाही. तारीख किंवा नाव याबाबत मनात किंतु असेल तर मी ते गाळते. घरातली मुलं पुढे शाळेच्या प्रकल्पाला हाच फोटो आणि हीच ओळ वापरतात.

लहान ओळीचं बळ मला रायगडावर फार जाणवलं होतं. तिथे जगदीश्वराच्या मंदिरापाशी एक संस्कृत शिलालेख आहे. गडावर काय काय बांधलं त्याचं वर्णन त्यात आहे. आणि एका पायरीवर, पाय पडेल अशा जागी, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव आणि सेवेला तत्पर असल्याचे दोनतीन शब्द आहेत, बस्स. शिलालेख वाचायला जाणकार लागतो. पायरीपाशी शाळकरी मुलंसुद्धा खाली बसून अक्षरांवरून बोट फिरवतात. कोणत्या जागी किती बोलायचं, हे त्या पायरीइतकं नेमकं मी कुठे पाहिलेलं नाही.

घरातही या कामाची रीत जुनी आहे. आजोबांचे फोटो काळ्या जाड कागदाच्या अल्बममध्ये, चार कोपऱ्यांत चिकटवलेल्या कागदी खोबणींत बसवलेले. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने गाव, साल आणि ‘डावीकडून’ म्हणून नावं. कुठे कुठे एखादी जास्तीची नोंद, ‘गाडी चुकली त्या दिवशी’ अशी. ज्या फोटोंमागे काही लिहिलेलं नाही त्यातली निम्मी माणसं आज कुणालाच ओळखता येत नाहीत. मोठ्या डोळ्यांची, नऊवारीतली एक बाई तीन फोटोंत आहे, ती कोण हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही. म्हणून ओळ कितीही रंगली तरी शेवटी गाव, महिना, साल आणि नावं मी लिहितेच. ‘चिंटू’, ‘बबडी’ ही लाडाची नावं आत आणि खरी नावं शेवटी. फक्त सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या खात्यावर मुलांची पूर्ण नावं, शाळेचा गणवेश, राहत्या सोसायटीची पाटी, यातलं काही जाऊ देत नाही. ते तपशील घरच्या अल्बमपुरते. घराला कुलूप असताना ‘आम्ही आत्ता तारकर्लीला’ असंही टाकत नाही, परत आल्यावरच टाकते. भाची आता विचारण्याच्या वयाची झाली आहे, तेव्हा तिला विचारते. समुद्रात भिजून केस चिकटलेला फोटो तिने नको म्हटलं. माझ्याकडे त्याखालची ओळ तयार होती, चांगली होती, तरी तो गेला नाही. तिचा चेहरा, तिचा शब्द शेवटचा.

जेवणाच्या ताटांचे फोटो पुष्कळ येतात. सोलकढी, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी, तळलेली सुरमई. त्यांच्याखाली ‘तोंडाला पाणी सुटलं’ असं लिहिण्याची गरज मला कधी वाटली नाही. माशाचं नाव लिहावं आणि करणाऱ्या बाईंनी काही सांगितलं असेल तर ते. तिरफळं आमटीत घालतात पण चावून खात नाहीत, हे आम्हाला त्या घरच्या काकूंनी ताटावरच सांगितलं, भावजींनी एक चावल्यावर.

माझ्या लिहिण्यात सगळ्यांत मोठा बदल घडवला तो आमच्या काकांनी. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. त्यांचा फोन टॉकबॅकवर चालतो, म्हणजे पडद्यावरचं सगळं तो वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. मी सहलीचे फोटो टाकायचे आणि त्यांच्या कानावर फक्त खालची ओळ पडायची. एकदा त्यांनी फोन करून सांगितलं, ‘‘अगं, ती हृदयं एकेक करून वाचतं हे यंत्र. लाल हृदय, लाल हृदय, लाल हृदय. आणि फोटोत काय आहे ते कळतच नाही.’’ तेव्हापासून चिन्हं मी जवळजवळ सोडलीच. पण मोठा प्रश्न दुसरा होता. डोळ्यांना दिसतं ते पुन्हा सांगायचं नाही, यावर माझं सगळं लिहिणं उभं, आणि काकांना तर दिसतं तेच सांगायला हवं.

इन्स्टाग्रामवर फोटोला आल्ट टेक्स्ट जोडता येतं. ते इतरांना दिसत नाही, वाचणाऱ्या यंत्राला मिळतं. तिथे मी साधं वर्णन लिहू लागले: कोण, कुठे, काय करतंय, मागे काय आहे. वरची ओळ सगळ्यांची, ही काकांची. हे काम अवघड आहे. ‘सुंदर समुद्र’ लिहून चालत नाही. समुद्र शांत आहे की लाटा फुटतायत, ऊन डोक्यावर आहे की उतरलंय, हे बघून लिहावं लागतं. आणि बघायला लागलं की कळतं, आपण फोटो काढतो पण बघत नाही.

आत्याच्या फोटोचं वर्णन मी लिहिलं: ‘आत्या धक्क्यावरून होडीत उतरतेय. एक पाय हवेत. होडीतल्या तरुणाने तिचा हात धरलाय. मागे पाण्यापलीकडे किल्ल्याचा तट.’ तासाभरात काकांचा आवाजी निरोप आला. वरची ओळ त्यांना फार आवडली होती, आपल्या बहिणीने परक्या पोराचा हात सोडला नाही याचं त्यांना हसू येत होतं. पण एक विचारायचं राहिलं म्हणाले. ‘‘साडी कुठली नेसलीय ती? आणि पैसे कुणाकडे दिले होते?’’

साडी मोरपंखी होती, ती लिहिली. पैशांचं काही कळेना, म्हणून फोटो मोठा करून पाहिला. खोचलेल्या पदराचं टोक कमरेपाशी बाहेर आलेलं, आणि त्याला छोटी, घट्ट गाठ. भावजींनी तो फोटो काढला होता, ताईने पाहिला होता, मी त्याच्याखाली तीनदा लिहून खोडलं होतं. गाठ कुणालाच दिसली नव्हती. आत्याला विचारलं तर म्हणाली, ‘‘मग काय, सगळ्यांचं होडीभाडं होतं त्यात. दादाला माहितीय, आई तसंच बांधायची.’’ काकांच्या ओळीत मी गाठ घातली, आणि मग वरच्या, सगळ्यांच्या ओळीतही.