दात, तार आणि आत्मविश्वास

शाळेत वर्षातून एकदा वर्गाचा फोटो काढतात. छायाचित्रकार म्हणतो, "जरा हसा!" सगळे हसतात. पण एखादा विद्यार्थी ओठ घट्ट मिटून उभा राहतो. एखादी मुलगी ओढणीचे टोक तोंडाशी नेते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातही असे कोणी असेल. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल.

माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. कवितेचा अर्थ तिला सर्वांच्या आधी समजे. वहीत ती सुंदर उत्तरे लिही. पण उभे राहून बोलायचे म्हटले, की मान खाली आणि हात तोंडावर! तिचे वरचे दात पुढे आले होते. वर्गातल्या कोणीतरी तिला त्यावरून एक टोपणनाव दिले होते. त्या एका शब्दाने तिचा आवाज बंद झाला होता.

दात वेडेवाकडे का येतात? लहानपणी आपल्याला २० दुधाचे दात असतात. साधारण सहाव्या वर्षी ते पडू लागतात. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत त्यांच्या जागी कायमचे दात येतात. कधी जबडा लहान आणि दात मोठे असतात. ही ठेवण बहुधा आईवडिलांकडून मिळते. कधी दुधाचा दात किडून वेळेआधी पडतो. एस. टी. च्या बाकावरचा एक प्रवासी उतरला, की उरलेले दोघे ऐसपैस बसतात ना? तसेच शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात. मग नव्या दाताला जागा मिळत नाही आणि तो वाकडा येतो. अंगठा चोखण्याची सवय बरीच वर्षे राहिली, तर वरचे दात पुढे येतात. सांगा, यात हसण्यासारखे काय आहे?

वाकडे दात सरळ करता येतात. दंतवैद्य दातांवर धातूचे लहान लहान तुकडे चिकटवतात आणि त्यांतून तार ओवतात. तार दातांवर हळूहळू दाब देते. ज्या बाजूला दाब पडतो, तेथील हाड थोडे झिजते. दुसऱ्या बाजूला नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात जागेवर सरकतो. हे काम घाईचे नाही. त्याला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. तार काढल्यावरही दात परत सरकू नयेत म्हणून रिटेनर नावाचे साधन वापरावे लागते. तारेत अन्नाचे कण अडकतात. म्हणून घरी मिसवाक वापरत असाल, तरी मऊ ब्रशही हवाच.

हा उपचार केव्हा करावा? मूल सात वर्षांचे झाले, की एकदा त्याचे दात तपासून घ्यावेत. याचा अर्थ लगेच तार लावावी, असा नाही. बहुतेकांना कायमचे दात आल्यावरच तार लावतात. पण वरचे दात फार पुढे असतील, तर पडल्यावर ते तुटण्याची भीती असते. अशा मुलांवर लवकर उपचार केल्यास तो धोका कमी होतो. खर्चाची चिंता असेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे चौकशी करावी.

आता खरा प्रश्न. दात सरळ झाले, की आत्मविश्वास वाढतो का? इंग्लंडमध्ये वरचे दात पुढे आलेल्या ८ ते १० वर्षांच्या मुलांवर लवकर उपचार केले गेले. त्यांना स्वतःविषयी अधिक चांगले वाटू लागले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. मात्र ज्यांच्यावर पुढे किशोरवयात उपचार झाले, त्यांच्यात आणि या मुलांत शेवटी फारसा फरक उरला नाही. वेल्समधील कार्डिफ शहरात १९८१ साली हजाराहून अधिक मुलांची पाहणी सुरू झाली. वीस वर्षांनी त्यांतील अनेकांना पुन्हा तपासले. उपचार घेतलेले लोक आपल्या दातांवर अधिक खूश होते. पण केवळ त्या उपचारामुळे त्यांचे मन अधिक सुखी झाले, असे दिसले नाही.

म्हणजे तार दात सरळ करते. मनाला उभारी द्यायला मात्र आणखी काही लागते.

आमच्या वर्गातील त्या मुलीचे पुढे काय झाले? एके दिवशी ती गैरहजर असताना मी वर्गाशी बोलले. ज्याने ते टोपणनाव ठेवले होते, तो मुलगा खाली मान घालून म्हणाला, "बाई, तिला इतके वाईट वाटत असेल, हे माझ्या लक्षातच आले नाही." त्या दिवसापासून ते नाव बंद झाले. काही महिन्यांनी तिला तार लागली. दात सरळ व्हायला दोन वर्षे लागली. पण स्नेहसंमेलनात तिने सूत्रसंचालन केले, ते तार दातांवर असतानाच! दिव्यांच्या उजेडात तार चमकत होती आणि तिचा हात तोंडावर नव्हता.

मित्रांनो, दातांवर उपचार दंतवैद्य करतील. चिडवणे थांबवण्याचा उपचार मात्र तुमच्याच हाती आहे. त्याला पैसा लागत नाही आणि दोन वर्षेही लागत नाहीत.

स्वाध्याय

१. दात वेडेवाकडे येण्याची कोणतीही दोन कारणे लिहा.
२. तारेमुळे दात कसा सरकतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. कार्डिफच्या पाहणीत काय आढळले?
४. वर्गात कोणी कोणाला चिडवत असेल, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्ये लिहा.