आधी पाणी विचारा

ओकावांगोला जायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न प्राण्यांचा असतो. सिंह कुठे दिसतील, बिबट्या कुठल्या कँपवर हमखास, रानकुत्र्यांचा कळप भेटेल का. प्रश्न रास्तच आहेत, पण ते नंतर विचारायचे. बोट्स्वानाच्या वायव्य कोपऱ्यातल्या या त्रिभुज प्रदेशात कोणता प्राणी कुठे असेल, कुठली वाट उघडी राहील, तुम्ही जीपमध्ये बसाल की होडीत, हे सगळं पाणी ठरवतं. म्हणून तिकिटं काढण्याआधी विचारायचं ते एवढंच : आपण पोचू त्या आठवड्यात पाणी कुठवर आलेलं असेल?

याचं उत्तर हजारेक किलोमीटर दूर, अंगोलाच्या पठारावर असतं. तिथे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस पडतो. कुबांगो आणि कुइतो या दोन नद्या तो घेऊन दक्षिणेला निघतात, एकत्र होतात, नामिबियाचा चिंचोळा पट्टा ओलांडतात आणि मोहेंबो गावाजवळ बोट्स्वानात शिरतात. तिथून शंभरेक किलोमीटर नदी एका अरुंद पट्ट्यात, पपायरसच्या दाट रानातून वळत जाते आणि मग कालाहारीच्या वाळूवर पसरते. ती समुद्राला मिळत नाही. इथली जमीन इतकी सपाट आहे की सुमारे अडीचशे किलोमीटरांत उतार असतो तो जेमतेम साठ मीटरांचा. त्यामुळे मोहेंबोला चढलेलं पाणी दक्षिणेच्या माऊन गावापर्यंत यायला तीन-चार महिने घेतं. मधल्या वाटेत झाडं, वेली आणि ऊन मिळून त्यातले शंभरातले पंच्याण्णवहून अधिक भाग पिऊन टाकतात. उरलेलं थोडंसं पाणी माऊनजवळच्या भूकंपी भेगेला अडून थामालाकाने नदीत उतरतं, आणि बरं वर्ष असेल तर बोतेती नदीतून पुढे जातं.

आपल्याकडे पूर येतो तो पावसाच्या बोटाला धरून. इथे मात्र जून ते ऑगस्टमध्ये, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, पूर ऐन भरात असतो. आसपासचं रान वाळून गेलेलं आणि मधोमध भरलेलं गोडं पाणी. हत्ती, रानरेडे, झेब्रे तिकडे ओढले जातात ते यामुळेच. कोरड्या काळात सहा-एक हजार चौरस किलोमीटर असलेला ओला भाग पूर चढला की पंधरा हजारांच्या आसपास जातो. पण हे दरवर्षी ठरल्याप्रमाणे होतंच असं नाही. 2019 साली पाणी इतकं कमी आलं की दक्षिणेचं न्गामी सरोवर आटलं, आणि पुढच्याच वर्षी चांगला पूर आला. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोलात पाऊस कसा झाला याची चौकशी करणारा पर्यटक शहाणा समजावा. माऊनमधला कुठलाही जाणकार आयोजक ते आनंदाने सांगतो. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

आता हे गणित आपल्या सुट्ट्यांशी जुळवून पाहू. शाळेची मे महिन्याची सुट्टी इथे फार चांगली जाते, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशा लोकांना ठाऊक नसते. पाऊस संपलेला असतो, रान अजून हिरवं असतं, उत्तरेकडच्या भागांत पाणी चढू लागलेलं असतं आणि दर अजून शिखराला गेलेले नसतात. जून-जुलैत पाणी भरपूर, पण पहाटे उघड्या जीपमध्ये हाडं गोठतात. कानटोपी, हातमोजे आणि जाड जॅकेट हवंच, आफ्रिका म्हणजे उकाडा हे डोक्यातून काढून टाकावं. याच सुमारास आफ्रिकी रानकुत्र्यांची पिल्लं बिळात असतात, त्यामुळे एरवी मैलोन्‌मैल भटकणारा कळप बिळाच्या आसपास टिकून राहतो. गणपतीच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पाणी ओसरू लागतं आणि प्राणी उरलेल्या पाण्यापाशी गोळा होतात. दर्शन उत्तम, दरही सर्वांत चढे. ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात सरकली तर पहिल्या पावसाची शक्यता असते, आणि तेव्हा अनेक कँपचे दर बरेच उतरतात. पक्षी बघणाऱ्यांसाठी मी नोव्हेंबर ते मार्च हाच काळ सुचवेन. स्थलांतर करून आलेले पक्षी असतात, इंपालांची पाडसं जन्मलेली असतात आणि ढगांमुळे छायाचित्रांना उजेडही वेगळाच मिळतो. प्राणी मात्र विखुरलेले असतात, हे मान्य करून जायचं.

कँप निवडताना तीन प्रकार लक्षात ठेवावेत. पाण्यातले कँप, जिथे मोकोरो नावाची अरुंद होडी आणि मोटरबोट हीच वाहनं. जमिनीवरचे कँप, जिथे जीप. आणि दोन्ही असलेले. नुसत्या पाण्यातल्या कँपवर चार रात्री काढून सिंह दिसला नाही म्हणून हिरमुसलेले लोक असतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की सिंह मोठ्या बेटांवर आणि कोरड्या काठावर जास्त भेटतो. उलट नुसत्या जीपवर राहिलात तर ओकावांगो तुम्ही पाहिलंच नाही असं म्हणावं लागेल. दोन्ही घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री राहा.

मोकोरोवर थोडं थांबायला हवं. पूर्वी ही होडी एकाच झाडाच्या खोडातून कोरून काढत. आता मोठी झाडं वाचवण्यासाठी बहुतेक होड्या फायबरग्लासच्या असतात, आकार तोच. दोन प्रवासी पुढे बसतात आणि नावाडी मागे उभा राहून लांब काठीने तळ रेटतो. हे नावाडी बरेचदा बायेई समाजाचे असतात. त्यांचे पूर्वज झांबेझीच्या बाजूने इथे आले आणि होडीची विद्या त्यांच्याबरोबर आली. नावाडी खोल, मोकळ्या प्रवाहातून जायचं टाळतो, कारण ते पाणघोड्यांचं राज्य. तो काठाच्या उथळ पाण्यातून, लव्हाळ्यातून वाट काढतो. तुमची नजर पाण्यापासून हात-दीड हातावर असते. कमळाची पानं होडीच्या बाजूला घासत जातात. लव्हाळ्याच्या काडीला चिकटून बसलेला नखाएवढा बेडूक दाखवायला नावाडी काठी रोवून होडी थांबवतो. पाठीवर रंगीत पट्टे, बोटांच्या टोकांना गोल चकत्या, आणि एवढ्याशा जिवाचा आवाज संध्याकाळी सगळं पाणथळ भरून टाकतो. पुढच्या पानांवर लांब बोटांचा तांबूस कमळपक्षी चालत असतो. पिल्लं सांभाळतो तो नर, आणि धोका दिसला की त्यांना पंखांखाली उचलून पळतो. तेव्हा पंखांखालून लोंबणारे पिल्लांचे पाय तेवढे दिसतात. हत्ती तर जीपमधूनही दिसेल, पण हे सगळं मोकोरोशिवाय बघायला मिळत नाही.

आणि एखाद्या बेटावर उतरलात तर मार्गदर्शकाला वारुळाबद्दल विचारा. इथल्या हजारो बेटांपैकी कितीतरींचा जन्म वाळवीच्या वारुळातून झाला आहे. पूर आला तरी वारुळाचं टोक पाण्यावर राहतं. त्यावर पक्षी बसतात, विष्ठेतून बिया पडतात, झाड उगवतं, झाडाभोवती गाळ साचतो आणि बेट रुंदावत जातं. मग काठावरची मोठी झाडं मुळांनी पाणी ओढू लागतात. पाणी पानांतून उडून जातं, त्यातले क्षार मागे, बेटाच्या पोटात साचतात. म्हणून जुन्या बेटाच्या मध्यभागी उजाड पांढरट जमीन आणि चार ताडाची झाडं, आणि काठाने घनदाट रान असं चित्र दिसतं. इतकं पाणी दरसाल उन्हात उडून जाऊनही हा प्रदेश खारा झालेला नाही, यात या बेटांचा मोठा वाटा आहे. क्षार ती आपल्या पोटात धरून ठेवतात. वाळवीने एवढं केलं आहे हे एकदा कळलं की बेटाकडे बघण्याची नजरच बदलते.

हे रान राखलं कुणी, हेही प्रवाशाला माहीत असावं. 1963 साली इथल्या बाटावाना लोकांनी आपल्याच जमिनीवर मोरेमी अभयारण्य घोषित केलं. बेसुमार शिकारीने प्राणी संपत चालले होते आणि तेव्हा राज्यकारभार पाहत होत्या बाटावानांचे दिवंगत प्रमुख मोरेमी तिसरे यांच्या पत्नी, पुलाने मोरेमी. देश अजून ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. या निर्णयाची किंमतही कुणीतरी मोजली. हद्दीत राहणाऱ्या सान कुटुंबांना नदीपलीकडे हलवलं गेलं आणि आजचं ख्वाई गाव त्यांचं आहे. त्या गावाच्या ट्रस्टकडे आता शेजारच्या जंगलाचा भाग आहे. तिथे तळ ठोकलात तर पैसा गावात जातो आणि तुम्हाला रात्रीची सफारीही करता येते, जी मोरेमीच्या आत चालत नाही.

दुसरा राखणदार अगदीच लहान होता. त्सेत्से माशी गुरांना रोग देते, त्यामुळे गुराखी या पाणथळीपासून कायम लांब राहिले. 1982 मध्ये दक्षिणेकडून लांबलचक कुंपण घातलं गेलं आणि 2001-02 मध्ये विमानातून फवारणी करून माशी संपवली. आता गुरं आणि रानरेडे यांच्यामध्ये उभं आहे ते कुंपणच. त्याच्या नाक्यावर गाडी थांबवतात, बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात आणि दक्षिणेकडे जाताना कच्चं मांस काढून घेतात. लाळ्या-खुरकुत पसरू नये म्हणून हे आहे, तेव्हा तिथे वाद घालू नये.

खर्चाचं बोलायला हवं. बोट्स्वानाने जाणूनबुजून थोडे पर्यटक आणि चढे दर हे धोरण ठेवलं आहे. लहान विमानाने जायच्या खासगी कँपमध्ये हंगामात माणशी एका रात्रीचा दर हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. जेवण, सफारी, मार्गदर्शक सगळं त्यात असतं. ताडोब्यात एका वाघाभोवती उभ्या राहणाऱ्या जिप्सींची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पैसे कशाचे ते लगेच कळेल : खासगी क्षेत्रात एका प्राण्यापाशी दोन-तीनच गाड्या थांबू देतात. पण एवढा खर्च न करताही जाता येतं. माऊनमधून फिरता तंबू घेऊन जाणारे आयोजक आहेत. ते मोरेमीतल्या थर्ड ब्रिज, झाकानाका अशा तळांवर मुक्काम करतात आणि आठ-दहा जणांच्या नातेवाईक-मित्रांच्या गटाला ते परवडतं. माऊनजवळच्या गावांतल्या नावाड्यांचा सामुदायिक ट्रस्ट मोकोरोच्या एक दिवसाच्या आणि मुक्कामी सहली चालवतो, त्या तर आणखी स्वस्त. स्वतः चारचाकी चालवायची हौस असेल तर वाहन डाव्या बाजूनेच चालवायचं असतं, एवढं एक सोपं. खोल वाळूत टायरची हवा कमी करणं, पाण्यातून गाडी काढण्याआधी खोली पाहणं, माऊननंतर इंधन मिळणार नाही हे धरून चालणं, यातलं काही अंगवळणी नसेल तर पहिल्या खेपेला चालकासह जावं.

कागदपत्रांत आपली मंडळी अडकतात ती दोन ठिकाणी. अठरा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला बोट्स्वानाच्या सीमेवर मागतात, त्याची प्रमाणित प्रत इंग्रजीत हवी. दुसरं, मुंबईहून नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस अधिकृत केंद्रात किमान दहा दिवस आधी घ्या. दाखला जन्मभर चालतो आणि परतताना मुंबई विमानतळावरही तो विचारला जाऊ शकतो. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. व्हिसाचे नियम बदलतात. बोट्स्वानाचा वेगळा, आणि जोहान्सबर्गमध्ये विमानतळाबाहेर पडणार असाल तर दक्षिण आफ्रिकेचा वेगळा, हे धरूनच वेळ काढा. लहान विमानात सामान पंधरा-वीस किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग आत मावत नाही. लष्करी नक्षीचे कपडे नेऊ नयेत. ड्रोन घरी ठेवा. शाकाहारी असाल, त्यातून कांदा-लसूण चालत नसेल, तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. रानातल्या स्वयंपाकघरात भाजी विमानाने किंवा ट्रकने येते, ऐनवेळी काही मिळत नाही. आजी-आजोबांना न्यायचं असेल तर कँप कुंपणाशिवाय असतात आणि अंधार पडल्यावर तंबूतून जेवणाच्या जागी जाताना सोबत माणूस लागतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. लहान मुलांना तर अनेक कँप घेतच नाहीत, आणि मोकोरोसाठी वयाची अट असते.

2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं हजारावं स्थळ म्हणून ओकावांगोची नोंद झाली. पण या नोंदीचं संरक्षण आहे ते बोट्स्वानातल्या भागाला, पाणी जिथून येतं त्या अंगोलाला नाही. 1994 पासून तिन्ही देशांचा नदीआयोग काम करतो. अंगोलातल्या 2002 पर्यंत चाललेल्या यादवी युद्धाने आणि पेरलेल्या सुरुंगांनी उगमाकडचं रान माणसांपासून दूर ठेवलं. आता तिथे रस्ते, शेती, धरणं येणार, आणि तिथल्या गरीब लोकांना ती नकोत असं दुरून म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र पाणी वरच अडलं तर खालच्या बेटांचं काय होईल, हे 2019 ने दाखवलं आहे. नामिबियाच्या कावांगो भागात 2021 मध्ये तेलाच्या शोधासाठी विहिरी खोदायला सुरुवात झाली, तेव्हापासून माऊनमधली काळजी वाढली आहे. म्हणूनच तिथल्या गावांना या रानातून कमाई मिळत राहणं मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि बुकिंग करताना ‘यातलं गावाला काय मिळतं’ हे स्पष्ट विचारावं.

दहा दिवस हाताशी असतील तर मी असं सुचवेन. जोहान्सबर्गहून विमानाने माऊन, तिथे एक रात्र. मग पाण्यातल्या कँपवर किंवा ट्रस्टच्या नावाड्यांबरोबर तीन रात्री. त्यानंतर मोरेमीचा पूर्व भाग किंवा ख्वाई, चार रात्री. याच दहा दिवसांत चोबे, व्हिक्टोरिया धबधबा आणि केपटाउनही कोंबणारे कार्यक्रम आपल्याकडे खपतात. त्यात निम्मा वेळ विमानतळावर जातो, ते घेऊ नका. दोन-तीन दिवस जास्त मिळाले तर पश्चिमेच्या रस्त्याने त्सोडिलोच्या टेकड्यांकडे जा. तिथे साडेचार हजारांहून अधिक शैलचित्रं आहेत, ती पायी, स्थानिक मार्गदर्शकाबरोबर बघायची. जून ते सप्टेंबरचं बुकिंग वर्षभर आधी भरतं, म्हणजे पुढच्या गणपतीत जायचं असेल तर चौकशीला हीच वेळ आहे.