विमा एजंट होताय? आधी घरचा वर्षभराचा हिशोब मांडा

परळी वैजनाथमध्ये शिक्षण संपवून कामाच्या शोधात असलेल्या मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो : ‘विमा एजन्सी घे. दुकान नको, माल नको, उधारी नको.’ सल्ला वाईट नाही. वयाची १८ वर्षं पूर्ण, दहावी पास, २५ तासांचं प्रशिक्षण आणि ५० प्रश्नांची परीक्षा, एवढ्यावर या धंद्याचं दार उघडतं. पण आत गेल्यावर पहिलं वर्ष घर कशावर चालणार, हे फारसं कुणी विचारत नाही. बोलायची कला असलेली, कष्टाळू मुलंही सहा-आठ महिन्यांत एजन्सी सोडतात, ती बहुतेकदा घरखर्चाची तोंडमिळवणी होत नाही म्हणून. त्यामागचे काही गैरसमज एकेक करून तपासू या.

गैरसमज १ : ‘या धंद्याला भांडवल लागत नाही.’

वस्तुस्थिती : दुकानाचं भांडवल लागत नाही, घरखर्चाचं मात्र लागतं. कागद-पेन घेऊन बसा. समजा, घरखर्च महिन्याला १८,००० रुपये आहे. तुम्ही वर्षाला २४,००० रुपये हप्त्याची दीर्घ मुदतीची पॉलिसी काढली आणि पहिल्या वर्षाचं कमिशन २५ टक्के धरलं, तर ६,००० रुपये मिळाले. म्हणजे घर चालवायला अशा तीन पॉलिसी दर महिन्याला हव्यात. पण तोच ग्राहक म्हणाला, ‘वर्षाचे एकदम जमणार नाहीत, महिन्याला दोन हजार भरतो,’ तर तुमच्या हातात एका वेळी ५०० रुपयेच पडतात. जसा हप्ता येतो, तसं कमिशन येतं.

आता खर्चाची बाजू. आज सिरसाळा, उद्या धर्मापुरी, परवा नाथ्रा असं फिरून महिन्याला हजार किलोमीटर मोटारसायकल झाली आणि ती लिटरला ५० किलोमीटर देत असली, तर पेट्रोल २० लिटर, म्हणजे दोन हजारांच्या पुढे. एका पॉलिसीसाठी तीन-चार खेपा होतात आणि त्यानंतरही नकार येऊ शकतो.

म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. आपल्या उदाहरणात तो १,०८,००० रुपये होतो. एवढी रक्कम नसेल, तर घरात दुसरी कमाई सुरू असावी, किंवा हातचं काम न सोडता एजन्सी सुरू करावी. मायक्रोफायनान्सचं कर्ज काढून ही पुंजी उभी करू नका. त्या कर्जाच्या हप्त्याचा वार ठरलेला असतो, कमिशनचा नसतो.

गैरसमज २ : ‘एलआयसीचं काम म्हणजे सरकारी नोकरीच.’

वस्तुस्थिती : हा समज का रुजला, ते कळण्यासारखं आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतल्याची घोषणा आकाशवाणीवरून केली. पुढे २४५ विमा संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. महामंडळ सरकारी, पण एजंट त्याचा पगारी नोकर नाही. त्याची कमाई कमिशनवर चालते.

एलआयसीची महिलांसाठीची ‘विमा सखी’ योजना ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतहून सुरू झाली. तिच्यात पहिल्या वर्षी महिन्याला ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन आहे. पहिल्या वर्षासाठी २४ पॉलिसी आणि ४८,००० रुपये कमिशनची अट आहे. पुढच्या वर्षी विद्यावेतन मिळायचं, तर आधीच्या वर्षी काढलेल्यांपैकी ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात. आधार चांगला आहे. पण त्याला पगार समजून घरातली दुसरी कमाई थांबवू नये.

गैरसमज ३ : ‘पाहुण्यारावळ्यांवर पहिलं वर्ष सहज निघतं.’

वस्तुस्थिती : मामा, मावसभाऊ, शेजारी ही यादी दोन-तीन महिन्यांत संपते. त्यातल्या काहींनी तुमच्या शब्दाखातर पॉलिसी घेतलेली असते. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी ते टाळाटाळ करतात, आणि पॉलिसीबरोबर नातंही तुटायला येतं. बीड जिल्ह्यात मल्टिस्टेट संस्थांत ठेवी अडकल्यापासून लोक पैशाच्या कागदावर सही करताना दहादा विचार करतात. त्यांनी तो करावाच. अनोळखी घरात विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ थांबता यावं म्हणूनच पहिल्या मुद्द्यातली पुंजी हवी.

गैरसमज ४ : ‘एकदा पॉलिसी काढली की कमिशन कायमचं.’

वस्तुस्थिती : ग्राहक हप्ता भरतो, तोवरच कमिशन. पहिल्या उदाहरणातल्या महिन्याला तीन, म्हणजे वर्षभरातल्या ३६ पॉलिसींचा वर्षाचा हप्ता ८,६४,००० रुपये होतो. पुढच्या वर्षी त्यावर पाच टक्के धरले, तर ४३,२००, म्हणजे महिन्याला ३,६००. तेही सगळ्यांनी हप्ता भरला तर. निम्म्या पॉलिसी बंद पडल्या, की १,८००.

आणि हप्ता भरला जाईल की नाही, हे आपल्या भागात ऋतूवर ठरतं. दसरा-दिवाळी झाली, की ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल निघण्यापूर्वीच मिळालेली असते. डिसेंबरात तुम्ही हप्त्याची आठवण द्यायला गेलात, तर घरी म्हातारे आई-वडील आणि एखादं शाळेतलं पोर. मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांचीच, आणि जोडपं गावी परततं मार्च-एप्रिलात. पॉलिसी ज्या तारखेला सुरू होते, त्याच तारखेला दरवर्षी वार्षिक हप्ता येतो. म्हणून या घरात पॉलिसी सुरू करण्याची वेळ उचल हातात येते तेव्हाची, नाहीतर परतल्यावर मुकादमाशी हिशोब होतो तेव्हाची. सोयाबीन-कापसाच्या घरात दिवाळीच्या आसपासची. प्रत्येक घरी पैसा कधी येतो, हे डायरीत लिहून ठेवणाऱ्या एजंटच्या पॉलिसी टिकतात.

दुष्काळाचं वर्षही धरून चाला. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र पूर्ण थांबलं होतं. अशा वर्षी शेतकऱ्यापासून मोंढ्यातल्या हमालापर्यंत सगळ्यांचे हप्ते लांबतात, आणि त्यांच्याबरोबर तुमची कमाईही.

आता धंद्याचा कलही नूतनीकरणाकडे आहे. १ एप्रिल २०२३ पासून योजनावार कमिशनची कमाल मर्यादा गेली आणि एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून कंपन्या दर ठरवू लागल्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून पॉलिसी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे नियम ग्राहकाच्या बाजूने बदलले, तेव्हा अनेक कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन कमी करून पुढच्या वर्षांचं वाढवलं. एजन्सी घेण्यापूर्वी त्या कंपनीचा चालू दरतक्ता मागून घ्या आणि पहिल्या वर्षाबरोबर पुढच्या वर्षांचे रकानेही वाचा.

गैरसमज ५ : ‘ग्राहकाचा पहिला हप्ता आपण भरला तर काय बिघडलं?’

वस्तुस्थिती : कमिशनमधला वाटा ग्राहकाला देणं हा विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ चा भंग आहे, आणि त्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशाच्या हिशोबानेही हा खड्डाच आहे. फुकटात पॉलिसी मिळालेला माणूस दुसरा हप्ता भरेलच असं नाही. शिवाय पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करायचा ग्राहकाला हक्क आहे, आणि तसं झालं की कमिशन परत जातं. म्हणून आलेलं कमिशन महिनाभर तरी खर्चू नये.

गैरसमज ६ : ‘टीडीएस कापला, म्हणजे ते पैसे गेले.’

वस्तुस्थिती : १ एप्रिल २०२५ पासून वर्षाचं कमिशन २०,००० रुपयांच्या वर गेलं, की दोन टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिलेला नसेल, तर २० टक्के. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल, तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळते. पहिल्या वर्षापासून विवरणपत्र भरा. पुढे बँकेत कर्ज मागायला गेलात, की पगाराची पावती नसलेल्या माणसाला याच कागदाचा आधार असतो.

सुरुवात करण्यापूर्वी एवढं हातात असू द्या : सहा महिन्यांचा घरखर्च, पेट्रोल आणि फोनची वेगळी तरतूद, स्वतःचा मुदत विमा आणि आरोग्य विमा, आणि घरच्यांशी झालेलं मोकळं बोलणं.

ही तयारी तुमच्यासाठी आहे, त्याहून जास्त ग्राहकासाठी आहे. घरात चणचण असलेल्या एजंटला कमी हप्त्याचा मुदत विमा सुचवणं जड जातं. ज्यात कमिशन मोठं, तीच पॉलिसी त्याच्या तोंडी येते. ऊसतोड करणाऱ्या माणसाला मोठं संरक्षण हवं असतं, आणि त्याच्या हाती न पेलणारा हप्ता पडतो. विमा हा वीस-पंचवीस वर्षांचा शब्द आहे. नवरा गेलेली बाई कागदांची पिशवी घेऊन दाव्याचा अर्ज भरायला येते, तेव्हा ज्याने पॉलिसी काढली तो परळीतच, त्याच कामात असला पाहिजे. पहिल्या वर्षाची पुंजी साठवायची ती तिच्यासाठी.