वेगापेक्षा वेळ महत्त्वाची

कारखान्यातील प्रेस मशीनपाशी कामगाराचा हात गेला, तर यंत्र ठरलेल्या मिलिसेकंदांत थांबलेच पाहिजे. म्हणून त्याच्या नियंत्रकात 'रिअल टाइम' प्रणाली असते. रिअल टाइम म्हणजे अतिवेगवान नव्हे, तर ठरलेली वेळ न चुकवणारी.

नियंत्रकाचा प्रोग्रॅम संगणकावर लिहून केबलद्वारे त्यात उतरवला जातो. चाचणीच्या वेळी तो अनेकदा तात्पुरत्या मेमरीतच असतो; वीज जाताच पुसला जातो. त्यामुळे चाचणी पूर्ण झाल्यावर तो फ्लॅश मेमरीत कायमचा साठवून, वीज येताच आपोआप सुरू होईल, अशी व्यवस्था करावी लागते.

मात्र आपोआप सुरू व्हायचा तो प्रोग्रॅम, यंत्र नव्हे. वीज गेली असताना कोणी दुरुस्तीसाठी आत हात घातलेला असू शकतो. यंत्र हलण्यापूर्वी माणसाने पुन्हा बटण दाबणे आवश्यक ठरते, ते यासाठीच.